ल्युब्लियानाहून आलेला फोन

शॉमबर्ग, १३ ऑक्टोबर २०२४

आसावरी,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच. शंतनू येत्या शनिवारी तुमच्याकडे यायचं म्हणतोय. त्याला शिवांगीशी बोलायचं आहे. तू त्याला तिच्याशी बोलू देऊ नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस आणि ईमेल तर उघडतही नसशील. म्हणून हे कागदावर. इतक्या वर्षांनी सलग मराठी लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येतंय. मराठीत लिहायचं कारण तुला कळेलच. पाकीट शिवांगीच्या हाती लागलं तरी तिला वाचता येणार नाही. आपण दोघींनी एवढी मराठी शाळा काढली, दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवली आणि आपली दोघं मात्र मागच्या बाकावर बसून चिप्स खात राहिली.

निमिषला जाऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत शंतनूने डायनिंग टेबलवर युरोपचा नकाशा पसरून ठेवलाय. आम्ही जेवतो ते ओट्यापाशी, उभ्याने. निमिषच्या फोनमधली तिकिटं, मेसेज, फोटोंच्या वेळा असं सगळं लावून त्याने शेवटचे पाच दिवस मांडलेत. व्हिएन्नाहून ग्राट्स, झाग्रेब, रिएका, ट्रिएस्ट, ल्युब्लियाना. कोणत्या गाडीत बसला, कुठे उतरला, सगळं. फक्त एक तुकडा जुळत नाही. गुरुवारी, सात मार्चला संध्याकाळी, दोघं मुलं ल्युब्लियानाच्या हॉस्टेलमध्ये एकत्र होती. शुक्रवारी सकाळी शिवांगी एकटीच व्हिएन्नाच्या गाडीत बसली. दुपारी निमिष भलत्याच गाडीने ब्लेडच्या तळ्याकडे गेला आणि शनिवारी सकाळी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईला तो डोंगराखालच्या पायवाटेवर सापडला. अंगात नुसता शर्ट. थंडीने गेला, असं तिथल्या पोलिसांनी लिहून दिलं.

शंतनूला गुरुवार संध्याकाळ हवी आहे. ती एकट्या शिवांगीला माहीत आहे, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, "कशाला त्या मुलीच्या मागे लागतोस? तिला आता आठवतही नसेल."

तो म्हणाला, "तिला आठवत नसेल असं तुला का वाटतं?"

तुझ्या मुलीने माझ्या मुलाला परक्या देशात एकटं टाकलं, हे मी विसरलेले नाही. पण म्हणून तिची उलटतपासणी व्हावी असंही मला वाटत नाही. तिच्या भल्यासाठीच सांगतेय. शंतनू आला की ती झोपली आहे म्हण, बाहेर गेली आहे म्हण. रवीला सांगून ठेव.

सुमेधा


शॉमबर्ग, ३ नोव्हेंबर २०२४

आसावरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "रवीने शंतनूला दारातूनच परत पाठवलं. शिवांगी कुणाशीच बोलत नाही, आमच्याशीही नाही. आता लिहू नकोस." तीन वाक्यं. तरी लिहितेय.

काल मंडळाची दिवाळी झाली. तुम्ही नव्हतात. आमच्या टेबलावर सुलभाकाकू होत्या. त्यांच्याकडूनच कळलं की शिवांगीने कॉलेज सोडलं, मार्चपासून ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही आणि तू नोकरी अर्धवेळ केलीस. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुलभाकाकू पुढे म्हणाल्या, "नाही आली तेच बरं. कुठल्या तोंडाने येणार?" टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटावं म्हणून बोलल्या होत्या त्या. पुढ्यातली करंजी मोडत बसले.

शोकसभेत मी जे बोलले ते सोळा वर्षांची मैत्री असूनही तू मला कधी माफ करणार नाहीस. मला शब्द न् शब्द आठवतो. हातात माईक होता. मी म्हटलं, "निमिष आजारी होता हे एका माणसाला दिसत होतं. आणि तो माणूस त्याला सोडून निघून गेला." नाव घेतलं नाही मी. पण दोनशे माणसांनी मागे वळून बघितलं. शिवांगी शेवटच्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली नाही, हे मला फार लागलं होतं तेव्हा. ती सरळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, केवढी निगरगट्ट मुलगी.

मुलांचं एकत्र जाणं आठवतं ना? जानेवारीत शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर आपण चौघं सोडायला गेलो होतो. एक सेमिस्टर व्हिएन्नात, एकाच युनिव्हर्सिटीची दोन मुलं, लहानपणापासूनची. तू म्हणालीस, "बरं झालं बाई, एकमेकांना आहेत." पहिले दोन महिने किती छान गेले. शुक्रवारी क्लास संपला की दोघं स्टेशनवर. साल्झबर्ग, प्राग, बुडापेस्ट, क्राकोव. शिवांगी तुला एक फोटो पाठवायची आणि निमिष मला चाळीस. फेब्रुवारीच्या शेवटी ते चाळीसचे शंभर झाले. पुलांचे फोटो, रुळांचे, परक्या बायकांच्या स्वयंपाकघरांचे. मी ते सगळे मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे. "पाच दिवसांत तीन देश! आमचा मुलगा झोपतो कधी कुणास ठाऊक!" असं मीच लिहिलं होतं, पुढे हसरा चेहरा लावून. ट्रिएस्टच्या स्टेशनवर त्याने अंगातला कोट एका बेघर माणसाला देऊन टाकला, तेही मी ग्रुपवर सांगितलं. साठ लोकांनी हात जोडले. संस्कार, संस्कार.

तो कोट असता तर तो वाचला असता का, हे शंतनू रोज विचारतो. मला नाही, भिंतीला विचारतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती कुणालाच सांगितलेली नाही, आणि त्यात विशेष काही नाहीही. त्या आठवड्यात शिवांगीने मला एकदा फोन केला होता. एकदाच. निमिष दमलाय, एवढंच सांगायला.

सुमेधा


शॉमबर्ग, १५ डिसेंबर २०२४

आसावरी,

गुरुवारी तू किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीपुढे येऊन उभी राहिलीस तेव्हा आधी मी तुला ओळखलंच नाही. किती वाळली आहेस तू. रवीचं जाड जॅकेट घातलं होतंस, बाह्या हातांच्या पुढे आलेल्या. मी काच खाली केली.

तू म्हणालीस, "काल शिवांगी बोलली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा नीट एक वाक्य बोलली. काय म्हणाली सांगू? 'आय शुडन्ट हॅव लिसन्ड.' मी ऐकायला नको होतं. मी विचारलं, कुणाचं? पुन्हा तोंड बंद. सुमेधा, तू पत्रात लिहिलंयस तिने तुला फोन केला होता. कुणाचं ऐकलं तिने?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

तू गाडीच्या दाराला धरलंस. मग म्हणालीस, "ती जेवत नाही. डॉक्टर म्हणतात आता दवाखान्यात ठेवावं लागेल. मला फक्त एवढंच सांग."

मी म्हटलं, "आसावरी, मागे गाड्या खोळंबल्यात." आणि काच वर केली.

घरी येईपर्यंत पिशवीतली कोथिंबीर गोठून काळी पडली होती, कारण मी दोन तास गाडीतच बसले होते, गाडी बंद करून.

माझं ऐकलं तिने.

गुरुवारी, सात मार्चला सकाळी अकरा वाजता मी ऑफिसात होते. तिथे संध्याकाळचे सहा. शिवांगीचा फोन आला म्हणून मी मीटिंगमधून बाहेर आले. ती हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून हळू आवाजात इंग्रजीत बोलत होती. म्हणाली, "मावशी, निमिष इज नॉट ओके. चार दिवस झोपला नाहीये, खरंच एक मिनिटसुद्धा. बोलणं थांबतच नाही. रडतो, मग हसतो. मी काही म्हटलं की अंगावर ओरडतो. मला भीती वाटतेय. इथे जवळ हॉस्पिटल आहे. मी त्याला घेऊन जाऊ का?"

मी म्हटलं, नको.

आता मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "हॉस्पिटलमध्ये अजिबात नेऊ नकोस. एकदा कागदावर आलं की जन्मभर चिकटतं. त्याला मेडिकलला जायचंय. तो नुसता दमलाय. तुझ्याशी भांडून जास्त बिघडतोय तो, तू पुढे जा व्हिएन्नाला. मी बोलते त्याच्याशी. आणि आईला यातलं काही सांगू नकोस, ती उगाच घाबरेल."

ती म्हणाली, "मावशी, त्याला एकटं सोडू? आर यू शुअर?"

दोनदा विचारलं तिने. दोनदा. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. दुसऱ्या वेळी जरा चढ्या आवाजात.

मग मी निमिषला फोन केला. किती आनंदात होता! "आई, मला सगळं दिसतंय. ही सगळी शहरं एकाच माणसाने बांधली आहेत, फक्त कुणाच्या लक्षात आलेलं नाही." मी म्हटलं, "बाळा, आज जरा झोप." तो म्हणाला, "झोपू कशाला, अजून सात देश राहिलेत." मी शंतनूला त्या दिवशी सांगितलं, निमिषशी बोलले, मजेत आहे. शिवांगीच्या फोनबद्दल बोलले नाही. शनिवारी बातमी आल्यावर बाथरूममध्ये जाऊन तिचा कॉल माझ्या फोनमधून पुसून टाकला.

शोकसभेत ती माझ्याकडे का बघत होती, ते तुला आता कळलं असेल. मी खरं सांगेन याची ती वाट बघत होती.

सुमेधा


शॉमबर्ग, १९ जानेवारी २०२५

आसावरी,

तुझं काहीच उत्तर नाही. शिवांगी आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती आणि आता घरी आली आहे, एवढं सुलभाकाकूंकडून कळलं. मी हॉस्पिटलमध्ये आले होते. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर रवी कॉफी घेऊन उभा होता, त्याला बघून तशीच खाली उतरले.

तू म्हणशील, अज्ञानाने चूक झाली. लांबून कळत नाही, कोणतीही आई तेच म्हणाली असती. मलाही तेच वाटून घ्यायला आवडलं असतं. पण तसं नाही. मला कळलं होतं. शिवांगीने "चार दिवस झोपला नाही" म्हटलं त्या क्षणी मी समोरची खुर्ची धरली.

मला एक मोठा भाऊ आहे. देव. देवदादा. आमच्या लग्नात माझ्या वडलांनी सासरच्यांना सांगितलं, थोरल्याने संन्यास घेतलाय, हृषीकेशला असतो. शंतनूच्या आईने तेव्हा मला जवळ घेऊन म्हटलं होतं, "पुण्यवान घर आहे तुमचं." मी तेच पुढे चालवलं. तुलाही तेच सांगितलं होतं, आठवतंय? पंचवीस वर्षं शंतनू त्याच्याबद्दल आदराने बोलतो.

दादाने संन्यासबिन्यास काही घेतला नाही. तो अमरावतीला राहतो आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. तो चोवीस वर्षांचा आणि मी सोळा वर्षांची असताना, नागपूरला, तो सहा दिवस झोपला नव्हता. बोलणं थांबेना. घराच्या सगळ्या भिंतींवर आकडे लिहिले. म्हणायचा, सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, फक्त कुणाला दिसत नाही. मग नाहीसा झाला. चार दिवसांनी इटारसीच्या स्टेशनवर सापडला, अनवाणी, पुस्तकं आणि अंगावरचे कपडे लोकांना वाटून टाकलेले. बाबा त्याला दवाखान्यात घेऊन गेले. आजाराला नाव होतं, औषध होतं. एक-दोन वर्षं वाईट गेली. नंतर तो सावरला. आजही दोन गोळ्या घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासून येतो, नऊ वाजता झोपतो. पण गल्लीत बोभाटा झाला होता. माझी दोन स्थळं त्याच्यामुळे मोडली. तिसऱ्याच्या वेळी बाबांनी हृषीकेश शोधून काढलं.

महिन्यातून एकदा मी त्याला फोन करते. घरातून नाही. ऑफिसच्या पार्किंगमधून.

निमिषने कोट दिल्याचं मी कौतुकाने ग्रुपवर टाकलं तेव्हाही मला इटारसीचं स्टेशन आठवलं होतं. मी ते दाबलं. शिवांगीचा फोन आला तेव्हा मात्र दाबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि त्या जिन्यात उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला काहीही दिसत नव्हतं, तरी ती बरोबर बोलत होती. मी मात्र पहिला विचार कसला केला असेल? शंतनूला कळेल. देवदादाचं कळेल. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हाच विचारतात ना, घरात कुणाला होतं का?

दोन दिवसांत उतरेल, असं मी मनाशी म्हटलं. घरी आला की मी गुपचूप बघेन. शिकागोत ओळखीचा डॉक्टर शोधेन, कुणाला न कळता.

शंतनूला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. हे पत्र वाचून फाड.

सुमेधा


शॉमबर्ग, १६ मार्च २०२५

आसावरी,

तू माझी चारही पत्रं एका पाकिटात घालून परत पाठवलीस, वर पिवळ्या कागदावर लिहून: "मला लिहून काय उपयोग? ज्यांना सांगायला हवं त्यांना सांग." राग आला मला. दोन आठवडे राग होता.

आज सकाळी तू मराठी शाळेत असताना मी तुझ्या घरी येऊन गेले. काय झालं ते शिवांगी सांगेल की नाही माहीत नाही, म्हणून मी सांगते. आधी बाकीचं.

शंतनूला मी फेब्रुवारीत सांगितलं. तो नकाशापाशी बसला होता. मी उभी राहून सगळं सांगितलं, दादापासून जिन्यातल्या फोनपर्यंत. शेवटी त्याने विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"अकरा."

"मी घरी होतो त्या दिवशी. संध्याकाळची फ्लाइट मिळाली असती. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचलो असतो मी." मग नकाशाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "तो शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत ल्युब्लियानातच होता, सुमेधा."

एवढंच. त्याने टाचण्या एकेक करून काढल्या आणि नकाशाची घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून तो वेस्ट विंडसरला भावाकडे आहे. आठ तारखेला तो ब्लेडला जाऊन आला. त्या बाईला भेटला, कुत्र्यावालीला. हे मला दिरांनी सांगितलं. मला त्याचा फोन नाही.

मंडळाच्या ग्रुपवरही लिहिलं मी, तू वाचलंच असशील. शिवांगीला हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं, मी नको म्हटलं, मीच तिला पुढे पाठवलं, आणि शोकसभेत खोटं बोलले. एकशे ब्याऐंशी लोकांनी वाचल्याच्या खुणा आल्या. सुलभाकाकूंनी हात जोडले. आणखी कुणी काही लिहिलं नाही, आणि तासाभराने कुणीतरी पाडव्याच्या जेवणाची यादी टाकली.

आज शिवांगीनेच दार उघडलं. तिने केस अगदी बारीक कापलेत, मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं दार लावून घेईल. ती बाजूला झाली. मी बूट काढले. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि मी खाली जमिनीवर.

मी इंग्रजीत बोलले, म्हणजे तिला प्रत्येक शब्द कळावा. तिने मध्येच थांबवलं. "मावशी, आय नो धिस पार्ट. मी तिथे होते. तू मला जा म्हणालीस आणि मी गेले."

मी म्हटलं, "तुला माहीत नाही ते वेगळं आहे. तू फोन केलास तेव्हा मला कळलं होतं त्याला काय झालंय. मी ते आधी बघितलं होतं." आणि देवदादाबद्दल सांगितलं.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "त्याला नाव आहे? त्या आजाराला?"

"आहे."

"आणि औषध?"

"आहे."

"तुझा भाऊ, तो कधी गेला?"

मी म्हटलं, "गेला नाही. आहे. अठ्ठावन्न वर्षांचा आहे."

तुमच्या फ्रिजचा आवाज येत होता. मग ती मराठीत बोलली. का कुणास ठाऊक, मराठीत. "म्हणजे निमिष पण अठ्ठावन्न होऊ शकला असता."



वर्षभर ती समजत होती की तिथे जे घडत होतं ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं आणि तिला एकटीला कळायला हवं होतं. मला ते कळलं होतं, एवढंही मी तिला कळू दिलं नव्हतं. ती रडली नाही. दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून बसली होती. मला वाटलं आता निघावं. मी उठले तर ती म्हणाली, "त्याला माहीत आहे? देव अंकलला? निमिष नाहीये ते?"

"नाही."

"एक वर्ष झालं!"

"कसं सांगणार होते मी त्याला? तो विचारतो, भाचा कसा आहे? मी म्हणते, अभ्यासात आहे."

"कॉल हिम," ती म्हणाली. "आत्ता."

साडेदहा वाजले होते. अमरावतीला रात्रीचे नऊ. त्याची झोपायची वेळ, मी तसं म्हटलंही. ती नुसती माझ्या पर्सकडे बघत राहिली. मी फोन काढला. तिने तो माझ्या हातातून घेऊन पायरीवर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

दादाने लगेच उचलला. "सुमे? आज रविवारी कशी काय?"

मी म्हटलं, "दादा, निमिष गेला."

"कुठे गेला?"

"गेला, दादा. मागच्या मार्चमध्ये. युरोपात फिरत होता. तिथेच."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मला वाटलं तो विचारेल अपघात झाला का, इतके दिवस का नाही सांगितलंस, काहीही विचारेल. त्याने विचारलं, "झोपत नव्हता का गं पोरगा?"

तो पुन्हा म्हणाला, "सुमे, झोपत नव्हता का?"

शिवांगी पुढे वाकली. आपल्याशी बोलताना दोन शब्दांच्या पुढे न जाणारी ती मुलगी त्या फोनमध्ये मराठीत बोलायला लागली, अडखळत, क्रियापदं चुकवत. "नाही, काका. चार दिवस नाही झोपला. मी शिवांगी. मी त्याच्याबरोबर होती. मी त्याला सांगितलं झोप, तो नाही ऐकला."

दादा म्हणाला, "नाही ऐकत, बेटा. मीही नव्हतो ऐकत. तू काय काय बघितलंस, सांग मला. हळूहळू सांग. मला वेळ आहे."

तिने सांगायला सुरुवात केली. झाग्रेबपासून. मी ऐकायला थांबले नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. बूट घातले आणि बाहेर येऊन गाडीत बसले. खिडकीतून ती दिसत होती, फोनवर वाकलेली, एका हाताने काहीतरी दाखवत बोलत असलेली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. तुझ्या शाळेची सुटायची वेळ झाली तसं मी निघाले. फोन तिच्याकडेच राहिलाय. तिला हवा तेवढा वेळ राहू दे.

सुमेधा